स्प्रिंग-कॅस्टर, भाग ६: वाळूने फसवलं

शाडूची गणेशमूर्ती धक्का न लागता नेणाऱ्या ट्रॉलीसाठी आपण स्प्रिंग-कॅस्टर, म्हणजे स्प्रिंगवर बसवलेली फिरती चाकं, बनवतोय. भाग ५ मध्ये "ट्रॉली पेव्हर ब्लॉकवरून अलगद गेली" असं लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेतो. ट्रॉली अलगद गेली कारण वर वजन म्हणून वाळूची पोती ठेवली होती. सैल पोत्यातली वाळू हलते, कण कणावर घासतो आणि कंपनाची ताकद तिथेच जिरते. म्हणजे शॉक-अॅब्सॉर्बर वरती ठेवून खालच्या स्प्रिंगला शाबासकी दिली. शाडूची मूर्ती असं काही जिरवत नाही. ती कडक, पीओपीपेक्षा जड आणि ठिसूळ असते. मनगट, कानाची पाळी, सोंडेचं वळण अशा बारीक जागी आधी चीर जाते.

या वेळी पोती काढून ६० मिमी जाडीचे २००×१०० चे पेव्हर ब्लॉकच पट्ट्याने आवळून रचले. एक साधारण २.८ किलोचा, असे ३२, म्हणजे ९० किलो. फ्रेमचे ३० धरून १२० किलो, चाकामागे ३०. गल्लीत नेहमीच्या चालीने ढकलली आणि चौथ्या-पाचव्या ब्लॉकपासून ट्रॉली नाचायला लागली. स्विंग आर्मला (चाक धरून वरखाली हलणारा दांडा) पेन्सिल बांधून फोर्कवर (आर्म ज्यात बसतो ती चौकट) पुठ्ठा चिकटवला होता (सगळ्यात स्वस्त रेकॉर्डर, जरूर करा). पुठ्ठ्यावर १२ मिमीची जाड काळी रेघ उमटली. गल्लीतल्या ब्लॉकच्या कडा जेमतेम २ मिमी वरखाली आहेत. २ चे १२ झाले, म्हणजे स्प्रिंग न लावलेलं साधं कॅस्टर बरं.

पहिला संशय सैल बॉल रेसवर (कॅस्टर ज्यावर फिरतो ते बेअरिंग), दुसरा शिमीवर (चाकाचं डावी-उजवीकडे फडफडणं). दोन्ही खोटे ठरले. सुगावा दोन गोष्टींनी लागला. तीच ट्रॉली त्याच ब्लॉकवरून आडवी, म्हणजे ब्लॉकच्या रुंदीच्या दिशेने, ढकलली तर शांत. आणि उभ्या, म्हणजे लांबीच्या, दिशेतही रमतगमत नेली किंवा जवळजवळ पळवली तर शांत. नाच फक्त मधल्या वेगाला. १० मीटर खुणा करून घड्याळ लावलं, तो वेग निघाला सेकंदाला जवळपास १ मीटर. उभ्या दिशेत सांधा दर २०० मिमीला येतो, म्हणजे सेकंदाला ५ ठोके. आडव्या दिशेत दर १०० मिमीला, म्हणजे १०.

आता स्प्रिंगकडे या. तार ४ मिमी, मधला व्यास २२, अॅक्टिव्ह (प्रत्यक्ष दबणारे) वेढे ७, मोकळी लांबी ५६. पोलादाचा शिअर मॉड्युलस (पिळाला होणारा विरोध) ७९,००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला तर एका स्प्रिंगचा रेट (एक मिमी दाबायला लागणारा जोर) ३३.९ न्यूटन प्रति मिमी. चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक, म्हणून ६७.८. आर्म पिव्हटपासून (आर्मची बिजागरी) अॅक्सलपर्यंत ७० मिमी, स्प्रिंगची पिन पिव्हटपासून ४५ वर. लिव्हरचं गुणोत्तर ०.६४३, पण चाकाशी जाणवणारा रेट त्याच्या वर्गाने कमी होतो: २८. त्यावर ३० किलो म्हणजे नैसर्गिक कंपन ४.८६ हर्ट्झ. गल्ली मारतेय ५ ने, ट्रॉली डोलतेय ४.८६ ने. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का देत राहिल्यासारखं.

झटपट हिशेबाला एक आकडा पाठ ठेवा: चाकाशी स्प्रिंग वजनाने जितके मिमी दबते त्याच्या वर्गमुळाने १५.८ ला भागा. इथे १०.५ मिमी, उत्तर ४.९. मात्र हे दबणं प्रीलोडशिवायचं, म्हणजे नटाने स्प्रिंग आधीच दाबून ठेवलेली नसतानाचं, धरायचं. प्रीलोड नट आवळला की स्प्रिंग कडक होते हा समज फार पसरलेला आहे. नट आवळल्याने ट्रॉली उचलली जाते, स्प्रिंगचा रेट तोच राहतो आणि कंपनही तेच. प्रीलोड वजनापेक्षा जास्त झाला तर आर्म स्टॉपवरून हलतच नाही आणि स्प्रिंग शोभेची उरते. बाजारातल्या बऱ्याच तयार स्प्रिंग-कॅस्टरचं हेच होतं: ते ३०० किलोच्या ट्रॉलीसाठी बांधलेले असतात, त्यावर १०० किलो ठेवलं तर तो साधा कॅस्टरच, फक्त महाग.

मऊ स्प्रिंगची ऑर्डर लिहायला घेतली होती, तेवढ्यात लक्षात आलं की रेट वर्गाने घटतो तर पिनच सरकवावी. ४५ वरून ३५ वर नेली की गुणोत्तर ०.५ आणि वर्ग ०.२५. तीच स्प्रिंग, चाकाशी रेट १७, कंपन ३.७८ हर्ट्झ. खर्च प्रत्येक आर्मला दोन भोकं. आधी स्प्रिंग मिटते का ते तपासलं: वजनाने ८.७ मिमी, १२ मिमीच्या ठोकरीला आणखी ६, एकूण १४.७. ९ वेढे मिटले की ३६, म्हणजे जागा २०. पाच मिमी हातात राहतात, चालेल. ट्रॉली ७ मिमी खाली बसली, स्प्रिंगखाली ३.५ च्या चकत्या घातल्या की मूळ उंचीवर येते. पिव्हट किंगपिनच्या (कॅस्टर ज्या उभ्या पिनभोवती वळतो) २५ मिमी पुढे आहे, त्यामुळे आर्म आडवा असताना ट्रेल (चाक त्या पिनच्या जितकं मागे राहतं ते अंतर) ४५, पूर्ण लटकल्यावर ४३ च्या जवळ. एवढ्या फरकाने चाक फडफडत नाही.

भोकं पाडली, १ मीटरच्या वेगाला रेघ १२ ची ३ झाली. आनंद गल्लीच्या वळणापर्यंत टिकला. वळणावर वेग कमी झाला आणि पुन्हा तोच नाच. अर्थात! ३.७८ ला ०.२ ने गुणा: ०.७६ मीटर प्रति सेकंद. आधी घातक वेग ०.९७ होता, आता ०.७६. आणखी मऊ स्प्रिंग घालून ३.२ हर्ट्झवर गेलो तर ०.६४. आपण दोष काढत नव्हतो, त्याला मागे सरकवत होतो. आणि मूर्ती कोण पळवत आणतंय? पुढे ढोल असला की चाल नेमकी याच पट्ट्यात येते. मऊ स्प्रिंगची ऑर्डर रद्द. फ्रिक्वेन्सी कुठेही ठेवा, सुरू होताना आणि थांबताना तिच्यातून जावंच लागतं. कमी आहे ते डॅम्पिंग, म्हणजे कंपन जिरवणं.

किती कमी, ते मोजलं. फोन ट्रॉलीच्या फळीवर टेपने पक्का चिकटवला, फायफॉक्स या मोजमापाच्या अॅपमध्ये प्रवेग लावला, फळी दाबून सोडली. दर झोक्याला उंची आधीच्या पाऊण पट. यातून डॅम्पिंगचं प्रमाण साडेचार टक्के निघतं. अनुनादाला दहा-अकरा पट वाढ होऊ शकते. स्प्रिंग स्वतः जवळपास काहीच जिरवत नाही, जे काही आहे ते रबरी चाकाचं आणि पिव्हटमधल्या बुशचं (पिन ज्यात फिरते ती धातूची नळी).

बुशचं म्हटलं तर तिथे आम्ही जरा जास्तच चांगलं काम करून बसलो होतो. गनमेटलची बुश, आतून १२, बाहेरून १६. दोन्ही बाजूंच्या प्लेटा आधी वेल्ड करून, गार होऊ देऊन, मग १६ चा रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) एका दमात दोन्हींतून आरपार काढला आणि नंतर बुश ठोकल्या. आर्म हातात धरून सोडला की स्वतःच्या वजनाने खाली पडतो, मध्ये कुठेही अडत नाही, आवाजही नाही. वेल्डिंगनंतर रीम करा हे भाग ३ मध्ये सांगितलं होतं, पुन्हा सांगतो. आधी रीम करून वेल्ड केलं तर ओढ बसून भोकं तिरकी होतात आणि मग स्टेप ड्रिलने मोठी करण्याचा मोह होतो. तो मोह आवरा.

तर हा मख्खन पिव्हटच आता मुद्दाम जड करायचा. लहान हायड्रॉलिक डॅम्पर बसत नाही, जागा नाही. पीयूची (पॉलियुरेथेन, रबरासारखं प्लास्टिक) गुटकी स्प्रिंगऐवजी लावता येते, ती बरंच जिरवते, पण २० मिमी दबायला फार लांब लागते. प्रेस टूलवाल्यांकडच्या डाय स्प्रिंगचा (साच्यांसाठीच्या, कडकपणा रंगावरून ओळखायच्या) प्रश्नच नाही. हिरवी, निळी, लाल, पिवळी यांतली सगळ्यात हलकी हिरवीसुद्धा या कामाला दगड. उरला घर्षणाचा मार्ग: पिव्हटच्या दोन्ही बाजूंना चकत्या, वर १२.२×२५ च्या डिस्क वॉशर (बशीसारख्या, स्प्रिंगचं काम करणाऱ्या) समोरासमोर तोंड करून, आणि नायलॉक (आपोआप सैल न होणारा) नट. नुसत्या नटाने आवळलं तर चकती जराशी झिजली की पकड संपते. डिस्क वॉशर ती झीज भरून काढते.

पकड अॅक्सलला स्प्रिंगकाटा अडकवून मोजायची, स्प्रिंगा काढून आणि आर्मचं वजन वजा करून. पहिल्यांदा २ किलोवर आवळलं, म्हणजे २० न्यूटन. नाच पूर्ण बंद, पण ट्रॉली खडखडायला लागली. कारण साधं आहे: कडेचा २ मिमीचा फरक म्हणजे मधल्या रेषेपासून १ मिमी, त्याला रेट १७, म्हणजे जोर १७ न्यूटन. पकड २० ची. आर्म सुटतच नाही, प्रत्येक सांधा थेट फळीवर. अर्ध्या किलोला नाच परत येतो. १ किलोला जमलं. दर पूर्ण झोक्याला उंची चार पट पकड भागिले रेट इतकी घटते, म्हणजे २.४ मिमी; दहा मिमीचा झोका चार-पाच हेलकाव्यांत बसतो. घातक वेगालाही पेन्सिलीची रेघ ४ मिमी. थांबल्यावर आर्म अर्धा-पाऊण मिमी इकडेतिकडे अडकून राहतो, त्याने काही बिघडत नाही.

हे सगळं नायलॉनच्या चकत्यांवर केलं आणि ती चूक होती. एक पावसाळी रात्र ट्रॉली उघड्यावर राहिली, सकाळी काटा १ च्या जागी पावणेदोन किलो दाखवत होता. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. चकती दोन तुकड्यांच्या मध्ये आवळलेली, फुगायला जागा नाही, म्हणून पकड वाढली. अॅसिटलच्या, म्हणजे बाजारात डेलरीन म्हणून मागतो त्या, चकत्या कापून घातल्या. अॅसिटल पाणी फार कमी घेतं. बादलीत रात्रभर बुडवून पाहिलं, काटा १ वरच. भाद्रपदात पाऊस असणारच, त्यामुळे नायलॉनचा विषय संपला. ग्रीसही नको, नाहीतर पकड गेली. बुशला तेलाचे दोन थेंब, बाहेर ओघळलेलं पुसून.

स्प्रिंगांविषयी थोडं. दुसऱ्या लॉटमध्ये "७ वेढे" सांगितल्यावर कारागिराने एकूण ७ वेढे केले. दोन टोकांचे मिटलेले वजा जाता अॅक्टिव्ह ५. रेट ३३.९ ऐवजी ४७.५. दिसायला सारख्या, हाताने दाबून फरक कळत नाही. ड्रिल मशीनच्या टेबलावर बाथरूमचा वजनकाटा ठेवा, चकमध्ये गोल सळई धरा, स्प्रिंग ५ मिमी दाबा. १७ किलोच्या आसपास आलं तर बरोबर, २४ आलं तर परत पाठवा. ऑर्डर देताना "अॅक्टिव्ह ७, एकूण ९, टोकं घासलेली" असं कागदावर लिहून द्या, तोंडी नको. लहान कारागीर मोठ्या दुकानापेक्षा बरे, आठ स्प्रिंगांचं कामही घेतात, पण कागद लागतो.

आता हे लिहिताना दुसरंच डोक्यात आलं. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर ८०० मिमी आहे. २०० चे बरोबर ४ ब्लॉक! म्हणजे चारही चाकं एकाच क्षणी सांध्यावर चढतात आणि एकाच क्षणी उतरतात. ठोके आम्हीच एकत्र बांधून दिले होते. अंतर ९०० केलं तर पुढचं चाक वर असताना मागचं खाली, उभा नाच आपोआप कापला जाईल. चारही कॅस्टर फिरते असल्यामुळे सगळे एकाच बाजूला ट्रेल घेतात, म्हणून जमिनीवरचं अंतरही ९०० च राहतं.

पण मग उभ्या नाचाऐवजी ट्रॉली पुढे-मागे मान डोलावेल, आणि उंच मूर्तीत खालचे २ मिमी मुकुटाशी वाढून दिसतात. डोलण्याची फ्रिक्वेन्सी उभ्यापेक्षा वेगळी असते, वजन कसं पसरलंय त्यावर ठरते. ब्लॉकचा ठेंगणा ढीग त्यासाठी खोटी परीक्षा, वाळूसारखीच. म्हणून पुढच्या खेपेला ब्लॉक उभ्या खोक्यात कंबरेच्या उंचीपर्यंत रचणार, फळीची पुढची कड दाबून सोडणार आणि फायफॉक्समध्ये जायरो (डोलण्याचा वेग मोजणारा सेन्सर) लावून ती फ्रिक्वेन्सी आधी मोजणार. ती चालीच्या पट्ट्यात आली तर ८५०, म्हणजे सव्वाचार ब्लॉक, दोन्ही त्रास थोडे थोडे. फ्रेमच्या पट्टीला ८००, ८५० आणि ९०० अशी तिन्ही ठिकाणी कॅस्टरच्या टॉप प्लेटची भोकं आत्ताच पाडून घेतोय, रंग देण्याआधी.