माजघरातली निळी भिंत

कोकणात घर रंगवायची आठवण सगळ्यांना गणपती तोंडावर आले की होते, आणि तेव्हा नेमका पाऊस धो धो, भिंती ओल्या, म्हणून आमच्या वेंगुर्ल्याकडची शहाणी माणसं हे काम मे महिन्यातच उरकतात. यंदा आमचंही ठरलं आणि मी जाहीर केलं की माजघराची एक भिंत गडद निळी करायची, अगदी शाईसारखी. आत्या म्हणाली, "गो, माजघरात काळोख काय कमी हा म्हणान तू आणिक काळोख फासतंस?"

आता खरंय, कौलारू घराचं माजघर म्हणजे खिडकी नावाला. अशा खोलीला सगळे पांढरा सुचवतात. पण पांढरा रंग काय स्वतःहून उजेड देत नाही, पडलेला उजेड परत टाकतो फक्त, आणि उजेडच नसेल तर तो बिचारा मळकट राखाडी दिसतो, बघितलंय ना सगळ्यांनी. निळा अंधाराशी भांडायलाच जात नाही. शिवाय पुर्किन्ये नावाच्या झेक शास्त्रज्ञाने 19व्या शतकातच नोंदवून ठेवलंय की उजेड कमी व्हायला लागला की आपल्या डोळ्याला लाल रंग आधी काळे पडतात आणि निळे त्या मानाने टिकून राहतात. तिन्हीसांजेला लाईट जाणाऱ्या गावात हे फार कामाचं आहे बरं का.

आणि निळा आमच्याकडे नवा थोडाच आहे! चुन्यात नीळ घालून भिंती सारवायची रीत होतीच की. ती पुडीतली नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. एके काळी हा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्दी दगडातून काढायचे आणि युरोपातले चित्रकार तो जपून जपून वापरायचे, मग 1820च्या दशकात फ्रान्समध्ये तो कारखान्यात बनवता यायला लागला आणि हळूहळू इतका स्वस्त झाला की आजीच्या धोतर-लुगड्यांच्या बादलीत येऊन पडला. गंमत म्हणजे चुन्याचा अल्ट्रामरीनला त्रास होत नाही. प्रशियन ब्लू असता तर चुन्याने त्याचा रंगच मारला असता.

आता दुकानातल्या मशीनवरच्या निळ्याबद्दल. गडद शेडच्या बेसमध्ये, म्हणजे मशीन ज्यात रंग मिसळतं त्या मूळ पेंटमध्ये, टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे खालचं झाकणारं पांढरं, जवळपास नसतंच, त्यामुळे पेंटर दोन हात म्हणाला तरी तिसरा धरूनच चाला, आणि खाली राखाडी प्रायमर मारून घ्या. फिनिश मॅटच. चकचकीत घेतलात तर ट्यूबलाईट लागली की लांबी (पुट्टी हो) कुठे कुठे वर-खाली भरलीय ते पाहुण्यांनासुद्धा मोजता येईल. आणि बाहेरच्या अंगाची, पाऊस खाणारी चिऱ्याची भिंत चुकूनही निवडू नका. ओल सुकताना आतले क्षार पृष्ठभागावर येतात, हा लोणा पांढऱ्या भिंतीवर लपून जातो, निळ्यावर मात्र जगाचे नकाशे उमटतात. आतली मधली भिंत घ्यायची. फणसाच्या लाकडाच्या पिवळसर चौकटी असतील तर त्याच्याशेजारी निळा असा उठून दिसतो की वेगळी सजावट लागत नाही, एखादी पितळी समई फार तर.

फक्त ते होमस्टेवाले करतात तसं नको हो, निळ्या-पांढऱ्या पट्ट्या, जहाजाचं चाक, शंख चिकटवलेली फ्रेम. आमचा समुद्र अर्धा पावसाळा गढूळ असतो, निळा कसला!

आत्या आता थोडी नमली आहे. भिंत होऊ दे म्हणते, पण गणपती बसतो तिथे निळा नको, तिथे पिवळाच, आणि ते मलाही पटलंय कारण माटवीचे, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीचे, सगळे रंग निळ्यावर गिळले जातील की काय अशी मलाही शंकाच आहे. दादाचं वेगळंच. तो मुंबईहून मोठा टीव्ही आणतोय आणि त्याला तो नेमका याच भिंतीवर हवाय, काळा टीव्ही निळ्यावर छान दिसेल म्हणे. बोलणी चालू आहेत.