आमची धाकटी आणि तिचा एप्रन

आज परळला धाकटीच्या मेडिकल कॉलेजात व्हाइट कोट समारंभ झाला. नाव पुकारलं की मूल स्टेजवर जातं आणि प्राध्यापक स्वतःच्या हातांनी एप्रन घालतात. हिच्या बाह्या पार बोटांपर्यंत आल्या होत्या. मॅडमनी त्या मायेने दुमडून दिल्या. मग सगळ्यांनी उभं राहून शपथ घेतली. ही प्रथा १९९३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सुरू झाली. रुग्णाशी माणुसकीने वागायचं, हे पदवीच्या वेळी नाही, सुरुवातीलाच मनावर ठसावं म्हणून. मला फार पटलं.

देहदान करणाऱ्यांबद्दल कृतज्ञता व्यक्त केली तेव्हा मात्र डोळे भरून आले. पुढे ज्यांची मुलं मेडिकलला जातील त्यांनी समारंभाचे पास किती मिळतात ते आधी विचारा आणि जमल्यास आजी-आजोबांना न्याच!