चेन्नईचा फ्लॅट आणि आपला अकरा महिन्यांचा करार

चेन्नईतला फ्लॅट भाड्याने द्यायचाय, म्हणून आज दिवसभर भाडेकायदे वाचत बसलो. आपल्याकडे कसं, लीव्ह अँड लायसन्स, अकरा महिने, अंगठा लावला की झालं. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ मात्र भारी आहे. करार नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, जोवर तुम्ही उलट सिद्ध करत नाही!

तमिळनाडूत हे काहीच चालत नाही. तिथे २०१७ चा वेगळा कायदा आहे. करार भाडे प्राधिकरणाकडे नोंदवायचा. केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकायदा घरासाठी दोनच महिन्यांची अनामत सांगतो, पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच लागू. 'सगळीकडे सेमच असतं हो' म्हणणारे एजंट मला म्हणूनच पटत नाहीत.

खरी मजा दुरुस्तीच्या यादीत. आदर्श कायद्यात भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, पाइप बदलणं मालकाकडे. नळाचा वॉशर, स्विच, कुलपं भाडेकरूकडे. वॉशरपर्यंत लिहून ठेवणाऱ्याला सलाम, निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. आणि एजंटच्या मसुद्यात काय? 'घर सोडताना रंगकामाचे पैसे अनामतीतून कापले जातील.' फायदा माझाच, तरी ते कलम काढायला सांगितलंय. एजंट अजून गप्प आहे. तिकडे घर भाड्याने दिलेलं कुणी असेल तर नोंदणीचा अनुभव कमेंटमध्ये सांगा.