बर्कहॅमस्टेडचा मातीचा किल्ला: कसा पाहावा

लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून थेट गाडीने बर्कहॅमस्टेड साधारण ३५ ते ४० मिनिटांवर आहे. रुळांच्या एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला किल्ला. बाहेर पडल्यावर कालवा दिसला तर बाजू चुकली असे समजावे. प्रवेश विनामूल्य आहे. उन्हाळ्यात सकाळी १० ते संध्याकाळी ६, हिवाळ्यात ४ पर्यंत दार उघडे असते. निघण्यापूर्वी वेळ तपासून घ्यावी. आत खाण्यापिण्याची किंवा स्वच्छतागृहाची सोय नाही, ते स्टेशनवरच उरकावे.

हा किल्ला म्हणजे मातीचे एक उंच टेकाड, त्याला लागून तटबंदीचे मोकळे आवार आणि भोवती खंदक व बांध. बहुतेक जण आत शिरताच टेकाडाच्या पायऱ्या धरतात आणि दहा मिनिटांत परततात. इथे खरी वास्तू माती आहे, भिंती नव्हेत. म्हणून टेकाड शेवटी ठेवावे आणि सुरुवात खंदकांपासून करावी. अशा किल्ल्याला सहसा एकच खंदक असतो, इथे दोन आहेत. दोन्ही आता बहुतेक कोरडे असतात, पण पावसानंतर तळाशी चिखल साचतो. बांधावरचे गवत ओले असले की पाय हमखास घसरतो, तेव्हा खाचांच्या तळव्याचे बूट घालावेत. उत्तर-पूर्वेला बाहेरच्या बांधावर मातीचे उंचवटे दिसतील. डिसेंबर १२१६ मध्ये इंग्लंडच्या गादीवर दावा सांगणारा फ्रान्सचा राजपुत्र लुई याने दगडफेकी यंत्रे लावून दोन आठवड्यांत किल्ला घेतला. हे उंचवटे त्या यंत्रांचे चौथरे असावेत, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

मग आवारात यावे. सुमारे १४० बाय ९० मीटरच्या या मोकळ्या जागेत दिवाणखाने, तबेले, कोठारे असत. तटाची खडबडीत भिंत जवळून पाहावी: चुन्यात बसवलेल्या गारगोट्या दिसतात, तो भिंतीचा गाभा. त्याला बाहेरून लावलेले घडीव दगड पुढे लोकांनी काढून नेले, त्यामुळे भिंत मुळात अशीच ओबडधोबड होती असा गैरसमज होतो.

टेकाड सुमारे १२ मीटर उंच आहे आणि पूर्णपणे माणसांनी रचलेले. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लंड जिंकून राजा झाला त्या १०६६ च्या डिसेंबरात इंग्रज सरदार त्याला बर्कहॅमस्टेडलाच शरण आले. त्यानंतर त्याचा सावत्र भाऊ रॉबर्ट याने किल्ला उभारला. आधी माथ्यावर लाकडी बुरूज असावा. नंतर सुमारे १८ मीटर व्यासाची गोल दगडी भिंत आली. भरावाच्या मातीवर भरीव मनोरा उभा केला तर एकाच जागी भार पडून माती खचते. कडेने फिरणारी भिंत तोच भार पसरवते. माथ्यावर विहीरही आहे, तिच्याशिवाय वेढ्यात टिकणे अशक्य होते. पायऱ्या उभ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर खालूनच पाहणे बरे. चाकाची खुर्ची वर जात नाही.

परतताना फाटकाजवळ रेल्वेचा भराव निरखावा. १८३० च्या दशकात लोहमार्ग टाकताना प्रवेशद्वारापुढच्या बांधकामाचा बराच भाग या भरावाखाली गेला. तरी १८३३ च्या रेल्वे कायद्यात किल्ल्याच्या संरक्षणाची तरतूद होती. रेल्वेपासून कायद्याने वाचवलेली ब्रिटनमधली ही पहिली वास्तू मानतात. नीट पाहायला दीड तास ठेवावा.