एका मिनिटाचे श्वास

परिचारिकांच्या मूल्यमापनाचे काम माझ्याकडे येण्यापूर्वी उत्तर गोव्यातील एका रुग्णालयाच्या मेडिकल वॉर्डात मी बरीच वर्षे ड्यूटी केली. त्या सवयीमुळे कोणाचेही मूल्यमापन करायचे असले, तरी मी आधी टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदींचा तक्ता, उघडते. श्वासाच्या रकान्यात ओळीने आठ रुग्णांपुढे २० हाच आकडा दिसला, तर तो मोजलेला नाही, नुसता लिहिलेला आहे, हे लगेच कळते.

प्रौढ माणूस स्वस्थ असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. जंतुसंसर्ग शरीरभर पसरू लागला की अनेकदा रक्तदाब उतरण्याच्या कितीतरी आधी हा आकडा चढतो. आणि तरीही वॉर्डात सर्वांत जास्त हयगय होते ती याच नोंदीची, कारण त्यासाठी पूर्ण एक मिनिट खाटेजवळ उभे राहावे लागते.

एका रात्रपाळीत पहाटे चारच्या सुमारास मी एका नव्या परिचारिकेच्या मागे उभी होते. सत्तरी तालुक्यातून आलेल्या एक आजी ‘म्हाका बरें दिसना’ एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. ताप नव्हता, रक्तदाब ठीक होता. नाडी मोजून झाल्यावरही त्या मुलीने आजींचे मनगट सोडले नाही. नाडीच पाहत असल्यासारखा हात तसाच ठेवून तिने नजर तेवढी छातीवर नेली, कारण आपला श्वास कोणी मोजत आहे हे कळले की माणूस नकळत तो बदलतो. मिनिटभराने तिने २८ लिहिले. मग डॉक्टरांना फोन करून ‘पेशंटला बरे वाटत नाही’ असे मोघम न सांगता तिने आत्ताचा आकडा सांगितला, संध्याकाळचा सांगितला आणि ‘आपण येऊन पाहावे’ असे स्पष्ट म्हटले.

माझ्या हातातील प्रपत्रात हातांची स्वच्छता, नोंदींची पूर्तता, गणवेश, वक्तशीरपणा या सर्वांना गुण होते. तिने जे केले त्याला रकानाच नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते.

वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी १९९० साली मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणे, कसे करायचे हे माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांपाशी थांबते. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली डंडी येथे पुढे आणलेली ओएससीई, म्हणजे ठरावीक वेळात एकेका टेबलावर कौशल्य करून दाखवण्याची परीक्षा, तिसरीपर्यंत पोहोचते आणि ती मला आवश्यकच वाटते. परंतु परीक्षक समोर असताना प्रत्येक जण हात नीट धुतो. चौथी पायरी पाहायची तर वॉर्डातच जावे लागते, एकदा नव्हे तर अनेकदा, आणि वेगवेगळ्या पाळ्यांना.

तोंडी प्रश्नही असेच निवडावे लागतात. एका मिलीचे २० थेंब पाडणाऱ्या सेटने १००० मिली सलाइन आठ तासांत द्यायचे तर मिनिटाला किती थेंब, याचे ‘४२’ हे उत्तर बहुतेक जणी अचूक देतात. मी मात्र त्या एखादीची वाट पाहते, जी गणित करण्याआधी विचारते, ‘मॅडम, पेशंट कोण आहे? हार्टचा त्रास आहे का?’ कमकुवत हृदयाच्या माणसाला हाच वेग फुप्फुसात पाणी साचवू शकतो, हे तिच्या मनात आधीच आलेले असते.

परिचर्येच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नवशिकीपासून निष्णात परिचारिकेपर्यंतचे पाच टप्पे दाखवले, तेव्हा अनुभवाने येणाऱ्या या जाणिवेलाच त्यांनी महत्त्व दिले होते. ती जाणीव वर्षे मोजून ठरत नाही. त्या पहाटेची मुलगी रुजू होऊन जेमतेम वर्ष झाले होते.

प्रपत्राचा नवा मसुदा सध्या माझ्या टेबलावर आहे. त्यात रात्रपाळीतील दोन भेटी सक्तीच्या केल्या आहेत, आणि ‘बदल केव्हा लक्षात आला, कोणाला व कोणत्या शब्दांत कळवला’ असा एक रकाना मोकळा ठेवला आहे. त्याला गुण किती द्यायचे, यावर वॉर्डातील इन्चार्ज सिस्टरांशी अजून बोलणे चालू आहे.