हँडल दोन्ही बाजूंना वळवून पाहिल्याशिवाय वायर बांधू नये

मोटरसायकलसाठी वेगळे विकत घेतलेले साहित्य घरीच बसवायला मी सुरुवात केली, त्याला आता बरीच वर्षे झाली. जादा दिवे, मोबाइल चार्जर, क्रॅश गार्ड, मागची पेटी, हँडल उंच करणारे रायझर असे पुष्कळ काही या काळात बसवले आणि त्यातले काही काढूनही टाकले. या सगळ्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. खोक्यातून निघालेली वस्तू गाडीला जोडणे हा कामाचा सोपा भाग असतो. तिची वायर कुठून जाणार, कुठे वाकणार, कशाला घासणार आणि बोल्टचा ताण नेमका कशावर येणार, हे ठरवणे हे खरे काम असते. बाहेरून पाहणाऱ्याला ते कधीच दिसत नाही, आणि गाडी रस्त्यात बंद पडते ती बहुधा तिथेच केलेल्या चुकीमुळे.

मी हे शिकलो ते पहिल्याच जादा दिव्यांपासून. दिव्यांसाठी लागणारा प्रवाह मी हेडलाइटच्याच वायरमधून घेतला होता. वायर न कापता तिच्यावर दाबून बसवायची प्लॅस्टिकची क्लिप मिळते, ती वापरली, आणि सगळ्या वायरी हँडलच्या मानेजवळ केबल टायने घट्ट आवळून टाकल्या. काम दिसायला अतिशय नीटनेटके झाले होते आणि साधारण तीन महिने दिवे उत्तम चालले. नंतर एका पावसाळी रात्री वळणावर हँडल वळवताच जादा दिव्यांसकट हेडलाइटही विझला. गाडी कशीबशी कडेला घेतली आणि टॉर्चच्या उजेडात पाहिले, तेव्हा हँडल पूर्ण वळल्यावर ज्या लोखंडी अडणीला टेकते, तिच्या आणि चासीच्या मधोमध वायर सापडलेली होती. तिच्या काळ्या आवरणाला अर्धचंद्रासारखी खाच पडली होती आणि आतल्या काळवंडलेल्या तांब्याच्या तारा उघड्या पडून चासीला टेकत होत्या. प्रवाह हेडलाइटच्याच वाटेवरून घेतलेला असल्यामुळे फ्यूज उडाला तोही हेडलाइटचाच. एका हौसेच्या वस्तूने गाडीचा मूळ दिवा बंद पाडला, ही गोष्ट मला फार लागली.

तेव्हापासून मूळ वायरिंगमधली एकही वायर कापायची नाही आणि कोणत्याही जादा दिव्याचा भार मूळ दिव्याच्या वाटेवर टाकायचा नाही, हा नियम मी काटेकोरपणे पाळतो. दिव्यांचा प्रवाह थेट बॅटरीवरून घ्यावा, तो रिलेमधून, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून, जाऊ द्यावा आणि रिलेला चालू-बंद करण्यापुरता किरकोळ प्रवाह पार्किंग लाइटच्या वायरवरून घ्यावा. त्यासाठीही क्लिप न वापरता मूळ कनेक्टरमध्ये बसणारा दुहेरी जोड वापरावा. चार पायांच्या साध्या रिलेवर आकडे छापलेले असतात. 30 या पायाला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, 87 ला दिव्यांकडे जाणारी वायर, आणि 85 व 86 या दोन पायांपैकी एकाला अर्थिंग व दुसऱ्याला स्विचमधून येणारा इशारा, अशी ही जोडणी असते. रिलेच्या आतल्या गुंडाळीला जेमतेम पाव अँपिअरही लागत नाही, त्यामुळे हँडलवरच्या छोट्या स्विचवर ताण येत नाही, आणि चावी बंद केली की दिवेही आपोआप बंद होतात.

फ्यूजविषयी एक गैरसमज मला वारंवार आढळतो. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी असतो असे समजून लोक तो दिव्याजवळ बसवतात. फ्यूज रक्षण करतो ते वायरचे, आणि फ्यूजच्या अलीकडे, म्हणजे बॅटरीच्या बाजूला, जेवढी वायर उरते तेवढी उघड्यावरच राहते. म्हणून तो बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आतच असला पाहिजे. त्याचा आकडा काढायला साधा भागाकार पुरतो: प्रत्येकी 20 वॅटचे दोन दिवे म्हणजे 40 वॅट, भागिले 12 व्होल्ट, म्हणजे सुमारे 3.3 अँपिअर. त्याला 5 अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो. 15 अँपिअरचा फ्यूज घातला तर दिवे तसेच लागतील, परंतु शॉर्ट झाल्यावर फ्यूजच्या आधी बारीक वायर तापून वितळण्याची शक्यता असते, आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीखालून गेलेली असते हे लक्षात ठेवावे.

कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवावी आणि शेवटी जोडावी. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलो आणि पाना चुकून चासीला लागला, तर थेट शॉर्ट होतो, कारण संपूर्ण चासी निगेटिव्हला जोडलेली असते.

जोड कसा करावा, यावर पुष्कळ वाद आहेत. मी स्वतः अनेक वर्षे सोल्डरिंग करीत असे आणि तेच सर्वांत भक्कम असे मानत असे. मोटरसायकलवर मात्र मी आता ते टाळतो. वितळलेले शिसे-कथील तारांच्या मधून थोडे पुढे ओढले जाते आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. ताठ भाग संपून मऊ वायर जिथे सुरू होते, नेमक्या त्या ठिकाणी इंजिनच्या थरथरण्याने तारा एकेक करून तुटत जातात. बाहेरून आवरण शाबूत दिसते आणि आत जोड तुटलेला असतो. योग्य मापाचा लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, घेऊन, क्रिम्पिंगच्याच पक्कडीने दाबून, वरून उष्णतेने आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह चढवलेला जोड मला अधिक विश्वासाचा वाटतो. दाबल्यानंतर वायर हाताने जोरात ओढून पाहावी. निसटायची असेल तर ती तिथेच निसटलेली बरी. साधी इन्सुलेशन टेप मी वापरत नाही, कारण इंजिनच्या उष्णतेने तिचा गोंद पातळ होतो, टेप सुटते आणि चिकट जागेवर धूळ बसते.

यानंतर येतो वायरीचा मार्ग, आणि माझा सर्वाधिक वेळ याच कामात जातो. टाकी काढली की मूळ वायरिंगचा जाड पट्टा चासीच्या कोणत्या बाजूने गेला आहे ते दिसते. गाडी घडवणाऱ्यांनी तो मार्ग विचार करून निवडलेला असतो, म्हणून शक्य तितके अंतर मी नवी वायर त्याच्याच सोबतीने नेतो; नेताना तिला जाळीदार किंवा पन्हळी स्लीव्हमध्ये घालतो आणि सायलेन्सरच्या नळीपासून दूर ठेवतो. हँडलच्या मानेजवळ वायरला मोकळा झोल सोडावा लागतो. केबल टाय आवळण्यापूर्वी हँडल उजवीकडे पूर्ण आणि डावीकडे पूर्ण, असे किमान पाच-सहा वेळा फिरवून वायर कुठे ताणते आणि कुठे दुमडते ते बोटाने चाचपून पाहावे. त्यानंतर पुढचा ब्रेक धरून फोर्क जोराने खाली दाबावा, कारण फोर्क दबल्यावर मडगार्ड दिव्यांच्या किंवा वायरीच्या जवळ येते. हँडलला रायझर लावले असतील तर क्लच व ॲक्सिलरेटरची केबल आणि ब्रेकची नळी यांचीही हीच परीक्षा घ्यावी. इंजिन चालू ठेवून हँडल वळवल्यावर इंजिनचा आवाज वाढला, तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात आहे असे समजावे आणि तशी गाडी रस्त्यावर मुळीच नेऊ नये.

क्रॅश गार्डचे काम याहून सरळ असते, मात्र एका बाबतीत घाई महागात पडते. अनेक क्रॅश गार्ड इंजिन चासीला धरून ठेवणाऱ्या बोल्टवरच बसतात. ते बोल्ट एका वेळी एकच काढावेत आणि इंजिनखाली लाकडी ठोकळ्याचा आधार द्यावा, नाहीतर इंजिन किंचित खाली उतरते आणि भोके जुळता जुळत नाहीत. सगळे बोल्ट आधी हाताने आट्यांवर चढवावेत आणि मगच थोडे थोडे करून आवळावेत. एक बाजू पूर्ण आवळल्यावर दुसरी बाजू ओढून ताणून जुळवली, तर तो ताण कायम तिथेच राहतो. शेवटची आवळणी टॉर्क रेंचनेच, म्हणजे किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्यानेच, करावी आणि तिचा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा, कारण ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की दुरुस्ती क्रॅश गार्डपेक्षा मोठी होऊन बसते.

एलईडी इंडिकेटर बसवल्यावर ते फार भराभर लुकलुकू लागले, तर त्यात बिघाड नसतो. इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर बल्बच्या भारावर चालणारा असतो आणि एलईडीचा भार कमी असल्याने बल्ब गेला आहे असे तो धरून चालतो. फ्लॅशर बदलणे हा त्यावरचा स्वच्छ उपाय आहे. भार वाढवणारा रेझिस्टर लावूनही काम होते, पण तो बराच तापतो.

सर्व जोडून झाले की दोन मापे घेतल्याशिवाय मी हत्यारे आवरत नाही. पहिले माप इंजिन मध्यम गतीवर ठेवून आणि सर्व दिवे लावून बॅटरीवरच्या व्होल्टचे. ते साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान असले तर चार्जिंग पुरेसे आहे; 13 च्याही खाली गेले तर आपण गाडीच्या कुवतीपेक्षा अधिक भार टाकला आहे. दुसरे माप चावी बंद असतानाच्या प्रवाहाचे. निगेटिव्ह वायर सोडून ती आणि टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडायचा, आणि तो तसा असेपर्यंत चावी फिरवायची नाही. काही मिलीअँपिअर तर गाडीच्या घड्याळालाही लागतात. परंतु थेट बॅटरीला जोडलेल्या चार्जरमुळे हा आकडा 20 मिलीअँपिअरवर गेला, तर दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास खर्च होतो आणि 8 अँपिअर-तासांची बॅटरी आठ-नऊ दिवसांत निम्मी होते. आठवडाभर गावाला जाऊन आलेल्या माणसाला सकाळी गाडी सुरू होत नाही, त्याचे कारण अनेकदा एवढेच असते. म्हणून चार्जरही मी रिलेवरच घेतो.

नवीन लावलेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत मी पांढऱ्या मार्करने एक सरळ रेघ ओढतो. शंभरेक किलोमीटर गाडी चालवल्यावर पुन्हा खाली बसून पाहतो. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला आहे हे पाना न लावताही कळते. कोणता फ्यूज किती अँपिअरचा आहे, कोणत्या रंगाची वायर कुठे जाते आणि काढलेले मूळ बोल्ट कोणत्या डब्यात आहेत, हे तारखेसह लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवलेला असतो, म्हणजे पुढे कोणी मेकॅनिकने गाडी उघडली तरी त्याला माझ्या वायरी शोधत बसावे लागत नाही.