पन्हेरीतलं हेलिकॉप्टर

वरूड तालुक्यातल्या एका संत्रा पन्हेरीत, म्हणजे रोपवाटिकेत, लागोपाठ दोन वर्षं जंबेरीची (संत्र्याचं कलम जिच्यावर बांधतात ती) रोपं पिशवीतच माना टाकत होती. रोप उपटून मूळ दोन बोटांत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून यायची आणि आतला दोरा तेवढा हातात राहायचा. पन्हेरीवाल्या काकांनी माती बदलली, पिशव्या बदलल्या. पाणी मात्र तेच. पिशव्यांतून निथळलेलं पाणी चारीने हौदात येतं आणि पंपाने परत रोपांवर जातं. वनस्पती रोगशास्त्रात एमएस्सी करताना माझा विषय अडला होता, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "हौदापासून सुरू कर."

संत्र्याच्या मुळाला काहीही झालं की आमच्याकडे नाव एकच निघतं, फायटोफ्थोरा. खोडातून डिंक गळतो तो डिंक्याही त्याचाच. बोलताना आपण त्याला बुरशी म्हणतो, पण हा सगळा गट खऱ्या बुरशांपेक्षा समुद्रातल्या तपकिरी शेवाळांच्या जवळचा आहे. त्यांचे झूस्पोअर, म्हणजे पोहणारे बीजाणू, दोन शेपट्यांनी पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात. म्हणून तर हौद.

पाण्यातून त्यांना पकडायचं ते पानांचं आमिष लावून. जाळीच्या पिशवीत लिंबाची पानं घालून मी हौदात सहा पिशव्या सोडल्या. चौथ्या दिवशी काढल्या तर पानं टवटवीत, एक डाग नाही. वहीत "पाणी स्वच्छ" लिहायला घेतलं होतं, तेवढ्यात काकांनी चहा देताना सहज विचारलं, "पानं कुठली घेतली वो?" पन्हेरीतल्याच झाडाची. त्या झाडावर आठच दिवसांपूर्वी मेटॅलॅक्झिल, म्हणजे फायटोफ्थोरावरचंच औषध, फवारलेलं! म्हणजे मी आमिषाला आधीच औषध पाजून ठेवलं होतं. पुढच्या खेपेला खोलीमागच्या, कुणीच कधी न फवारलेल्या लिंबाची पानं नेली. तिसऱ्या दिवशी पाणेरी तपकिरी डाग आले.

डागाच्या कडेचे तुकडे अँटिबायोटिक घातलेल्या माध्यमावर ठेवले, वाढ दिसली की टोकाचा एकेक धागा उचलून मक्याच्या पिठाच्या अगारवर (जेलीसारख्या माध्यमावर) घेतला. हे लिहायला एक ओळ लागते, मला तीन आठवडे लागले. दोन प्लेटा तर निव्वळ माझ्या घाईने बिघडल्या.

मग मायक्रोस्कोप. स्पोरँजियम, म्हणजे झूस्पोअर ज्यातून निघतात त्या पिशव्या, लिंबाच्या आकाराचे, टोकाला छानशी बोंडी. संत्र्याच्या मुळांवर फायटोफ्थोरा निकोशियानी नेहमीचाच, त्यालाही बोंडी असते. मी नाव लिहून मोकळी झाले. मॅडमनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, "झूस्पोअर बाहेर पडताना पाहिलेस का?"

नव्हते पाहिले. अगारचे तुकडे मातीच्या गाळलेल्या अर्कात दोन दिवस ठेवले, अर्धा तास फ्रिजमध्ये गार केले आणि परत टेबलावर आणून डोळा लावून बसले. पाऊण तास काहीच नाही. मग एका बोंडीतून पातळ फुगा फुगायला लागला. स्पोरँजियममधलं सगळं द्रव्य धारेसारखं त्यात ओतलं गेलं आणि आधीचं घर रिकामं काचेसारखं उरलं. फुग्यात आधी खळबळ, मग त्या गोळ्याचे दाणे दाणे झाले, ते आतल्या आत धडका मारायला लागले आणि फुगा फुटला. फायटोफ्थोरात झूस्पोअर स्पोरँजियमच्या आतच तयार होऊन बाहेर पडतात. इथे ते बाहेरच्या फुग्यात घडले होते, म्हणजे त्याच गटातल्या पायथियमची रीत. शिवाय रिकाम्या स्पोरँजियमच्या पोटातच दुसरं उगवत होतं. निकोशियानीवर मी काट मारली.

४० अंशाच्या इनक्युबेटरमध्येही त्याने प्लेट भरली. निकोशियानी तिथे वाढत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात, उघड्या हौदात याला काय त्रास होणार?

डीएनएचा आयटीएस भाग (ज्यावरून जात ओळखतात तो) वाचून आला, तर डेटाबेसमध्ये दोन नावांशी सारखाच जुळला: पायथियम हेलिकॉइड्स आणि फायटोपायथियम हेलिकॉइड्स. दोन जाती हुबेहूब सारख्या कशा, यात माझी अख्खी दुपार गेली. जीव एकच होता. फायटोपायथियम ही प्रजाती २०१० मध्ये वेगळी मांडली गेली, पुढे हाही तिकडे गेला, पण जुन्या नोंदींवर जुनं नाव तसंच राहिलं. नुसत्या यादीतलं पहिलं नाव उचललं असतं तर फसले असते. जपानमध्ये फिरतं पाणी वापरणाऱ्या हरितगृहांत मिनिएचर गुलाबांची मुळं यानेच कुजवली होती, हे वाचलं तेव्हा काकांची चारी डोळ्यांपुढे आली.

काकांना नाव सांगितलं. तेव्हापासून फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "त्या हेलिकॉप्टरचं काय झालं?" चारीचं पाणी हौदात घेणं त्यांनी बंद केलंय. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन सोडून पाईपच्या शेवटच्या तोंडाशी २ पीपीएम मिळतं का, ते मी पट्टीने बघते. पण पाण्यात सापडला म्हणजे रोपं यानेच मारली, असं अजून म्हणता येत नाही. निर्जंतुक मातीतल्या जंबेरीच्या वीस रोपांना तो मुद्दाम दिलाय, वीस तशीच ठेवलीत. आज अकरावा दिवस. दोन रोपांची खालची पानं पिवळी पडलीत, आणि त्यातलं एक न दिलेल्यांपैकी आहे.